शनिवार पेठेतला 'आतून नवा' फ्लॅट: घेण्याआधी काय बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शनिवार पेठेत, शनिवारवाड्यापासून 'चालत पाच मिनिटांवर', १९८४ सालची तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत. लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावरचा ६२० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट मालकाने गेल्या वर्षी आतून पूर्ण नवा केलाय. स्वयंपाकघराची भिंत काढून ते हॉलला जोडलंय, नवी फरशी, फॉल्स सीलिंग, दोन्ही बाथरूम नवीन. मालक म्हणतो चौदा लाख खर्च आला. त्याच इमारतीत हात न लावलेला एक फ्लॅट विकायला आहे, त्यापेक्षा हा वीस लाखांनी महाग. वडील सत्तरीचे, लहानपण नारायण पेठेत गेलेलं, वाकडच्या बाराव्या मजल्यावर त्यांचा जीव रमत नाही. घ्यावा का, आणि घेताना काय बघावं?

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. पेठांमधल्या जुन्या इमारती तपासणं आणि दुरुस्त करणं हे सत्तावीस वर्षांचं काम. त्यामुळे कुणी फ्लॅट दाखवायला नेलं की माझी नजर ओट्याच्या ग्रॅनाइटवर जातच नाही, आधी जिन्याखाली जाते. तुमच्या प्रश्नात भर आहे तो फ्लॅटच्या आतल्या गोष्टींवर, इमारतीबद्दल मात्र वय, मजले आणि लिफ्ट नाही एवढंच. मी उलट्या क्रमाने जातो. पैसे तुम्ही इमारतीचे, तिच्याखालच्या जमिनीतल्या हिश्श्याचे आणि त्या जमिनीला लागू असलेल्या नियमांचे देणार आहात. फरशी वरकड आहे.

सगळ्यात आधी ती 'चालत पाच मिनिटं' मोजा. पेठेतले बोळ वळणावळणाचे. चालायला साडेतीनशे मीटर पडतात तिथे सरळ रेषेत दोनशेही भरत नाहीत, आणि कायदा सरळ रेषेत मोजतो. शनिवारवाडा १७३० ते ३२ मध्ये बांधला, १८२८ च्या आगीत आतलं सगळं गेलं, राहिला तट आणि जोती. पण तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर हा प्रतिबंधित पट्टा आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित पट्टा. हे दोन पट्टे आधी १६ जून १९९२ च्या अधिसूचनेत आले होते, २०१० मध्ये ते कायद्यातच जाऊन बसले. प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम होत नाही, जुनं पाडून त्या जागी नवी इमारतही होत नाही. १९९२ च्या आधीची इमारत असेल तर दुरुस्ती करता येते, तीही परवानगी काढून. नियंत्रित पट्ट्यात बांधता येतं, पण राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते आणि उंचीला कात्री लागू शकते.

याचा तुमच्या किमतीशी थेट संबंध आहे. पुण्यात चाळीस वर्षांच्या इमारतीतला फ्लॅट विकताना एजंट एक वाक्य हमखास बोलतो, "आज ना उद्या रीडेव्हलपमेंटला जाणारच, तेव्हा मोठा फ्लॅट मिळेल." इमारत शंभर मीटरच्या आत असेल तर त्या वाक्याची किंमत शून्य. भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून (सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट, सप्टेंबर २०२४) तर हे वाक्य जास्तच जोरात म्हटलं जातं. पण छोटा प्लॉट, अरुंद रस्ता आणि वर स्मारकाचा पट्टा असला तर स्टेशन जवळ आल्याने मजले वाढत नाहीत. मोबाइलच्या नकाशावर अंतर मोजायची सोय असते, तुम्ही आज रात्री घरबसल्या अंदाज घेऊ शकता. नंतर मात्र आर्किटेक्टकडून सिटी सर्व्हेच्या नकाशावर मोजून घ्या आणि पालिकेकडून झोन दाखला काढा.

आता गंमत अशी की हीच गोष्ट तुमच्या वडिलांच्या दृष्टीने चांगलीही ठरू शकते. रीडेव्हलपमेंट होणार नाही याचा अर्थ पंच्याहत्तराव्या वर्षी त्यांना सामान बांधून तीन वर्षं भाड्याच्या जागेत काढावी लागणार नाहीत. फक्त मग इमारत आहे तशीच अजून पंचवीस-तीस वर्षं उभी राहिली पाहिजे, आणि किमतीत भविष्यातल्या मोठ्या फ्लॅटचा एक रुपयाही असता कामा नये.

इमारत नदीच्या बाजूची असेल तर निळी आणि लाल पूररेषाही बघा. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येईल त्या पुराची रेघ निळी, शंभर वर्षांतून एकदा येईल त्याची लाल. पानशेत धरण फुटलं तेव्हाचं, १२ जुलै १९६१ चं, पाणी कुठवर आलं होतं हे तुमच्या वडिलांना कुणी सांगायला नको.

कागदांचं मी थोडक्यात सांगतो, ते वकिलाचं काम. एकच मुद्दा माझ्या कामाशी जोडलेला आहे म्हणून लिहितो. पेठांमधल्या त्या काळातल्या बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट आहेत, १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं. नोंदवलेलं डिक्लेरेशन असतं आणि प्रत्येक फ्लॅटचं डीड ऑफ अपार्टमेंट असतं, त्यात जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. तो आकडा वाचा. वाडा पाडून झालेल्या इमारतीत मूळ मालकाने स्वतःकडे गच्ची, तळमजल्याची दुकानं, 'भविष्यातला एफएसआय' (पुढे जादा बांधकाम करायचा हक्क) असं काय काय राखून ठेवलेलं असतं, ते डिक्लेरेशनमध्येच सापडतं. हा फ्लॅट वाड्यातल्या जुन्या भाडेकरूला मिळालेला असेल तर त्याच्या नावावर मालकी कोणत्या दस्ताने आली तेही बघा. मालमत्ता पत्रक, इंडेक्स टू, मंजूर नकाशा, भोगवटा पत्र आणि तीस वर्षांचा शोध अहवाल हे नेहमीचं आहेच. मंजूर नकाशाची प्रत मात्र माझ्यासारख्यालाही द्या, कारण काढलेली भिंत त्यातच दिसते.

आणि आता त्या भिंतीकडे येऊ. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य तेच आहे: स्वयंपाकघराची भिंत काढून हॉलला जोडलंय.

१९८४ ची तीन मजली इमारत आरसीसीची, म्हणजे काँक्रीटच्या कॉलम-बीमच्या सांगाड्यावरची, असेलच असं नाही. त्या काळात पेठांत तळमजला अधिक दोन-तीन मजले विटांच्या भिंतींवर उचललेले मी भरपूर पाहिलेत. स्लॅब काँक्रीटचा, पण तो टेकलेला कॉलमवर नाही, भिंतींवर. याला आम्ही लोड-बेअरिंग म्हणतो. अशा घरात नऊ इंची भिंत ही पडदा नसते, तिच्यावर वरचा मजला आणि गच्ची बसलेली असते. ओळखायला इंजिनिअर लागत नाही. आतल्या दरवाजाच्या चौकटीत उभं राहून भिंतीची जाडी मोजा. साडेचार-पाच इंच असेल तर बहुधा नुसती आडभिंत. नऊ-दहा इंच असेल तर सावध. बाहेरची भिंत चौदा-पंधरा इंच भरली आणि खोल्यांच्या कोपऱ्यांत कॉलमचे कोन कुठेच पुढे आलेले नाहीत, तर इमारत लोड-बेअरिंग आहे असं धरून चाला. नूतनीकरणात हे कोन पीओपीने झाकलेले असू शकतात. म्हणून हीच मोजणी हात न लावलेल्या त्या दुसऱ्या फ्लॅटमध्येही करा. तो विकायला आहे, म्हणजे तुम्हाला आत जायचा हक्काचा बहाणा आहे.

अशी भिंत काढून खाली लोखंडी गर्डर घातलाय असं मालक सांगेल. गर्डरने काम होतं, मी स्वतः घातलेत. पण कसा घातलाय यावर सगळं आहे. या बाबतीत मी एकदा सपशेल चुकलोय, ते सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका फ्लॅटला मी 'ठीक आहे' म्हणालो. गर्डर जाडजूड होता, वाकलेला नव्हता, गंज नव्हता, टोकं पीओपीत गेलेली. मी फ्लॅटमध्ये अर्धा तास काढला आणि खाली उतरलो. दोन पावसाळ्यांनंतर फोन आला तो वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचा. त्यांच्या बैठकीच्या भिंतीत कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली होती, पोस्टकार्ड सरकेल एवढी. पीओपी फोडून पाहिलं तर गर्डरचं टोक थेट विटेवर टेकवलेलं. खाली काँक्रीटचा बेड ब्लॉक घालून भार पसरवायला हवा होता तो घातलाच नव्हता. वीट चुरून गर्डर थोडा खाली बसला होता. आमच्या फ्लॅटमध्ये काहीच दिसत नव्हतं, सगळं वर दिसत होतं. तेव्हापासून मी तपासायच्या फ्लॅटपेक्षा वरच्या आणि खालच्या फ्लॅटमध्ये जास्त वेळ घालवतो.

तुम्हीही तसंच करा. वरच्यांकडे जाऊन काढलेल्या भिंतीच्या बरोबर वरची भिंत बघा, खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा आहेत का, आतल्या दरवाजाचं दार अलीकडे घासायला लागलंय का. आणि मग खालच्या मजल्यावरच्या काकूंची बेल वाजवा.

खालच्या काकू हा माझा सगळ्यात भरवशाचा तपासणी अहवाल. मागच्या वर्षी नारायण पेठेत एका अशाच चकाचक फ्लॅटला गेलो होतो. बाथरूम काळ्या मॅट टाइलचं, वरून पावसासारखा शॉवर, भिंतीत लपवलेला फ्लश. खाली गेलो. आजी एकट्याच होत्या, भाजी निवडत बसल्या होत्या. 'बाथरूम बघू का' म्हटल्यावर त्या काही न बोलता उठल्या आणि दिवा लावला. मोरीच्या वर छताला एक छत्री उलटी टांगलेली होती, दांडा खाली. कापडाला मध्ये भोक पाडून त्यातून सलाइनची नळी काढलेली आणि नळीचं टोक बादलीत. छत्रीच्या वर स्लॅबला ताटाएवढं तपकिरी वर्तुळ. "वरचं बाथरूम नवीन झालं तेव्हापासनं," त्या म्हणाल्या, "आधी नव्हतं हो असं."

कारण ठरलेलं असतं. जुन्या बाथरूमचा स्लॅब खाली सोडलेला असतो आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. चाळीस वर्षं तो कसाबसा पाणी धरून असतो. नूतनीकरणात नळ नव्या जागी न्यायचे म्हणून तो फोडतात, नहाणी ट्रॅप (मोरीच्या जाळीखालचं पाणी जायचं भांडं) बदलतात आणि ट्रॅप व स्लॅब यांच्यामधला सांधा घाईत बुजवतात. खरं तर नवं वॉटरप्रूफिंग झालं की टाइल लावण्याआधी त्यात पाणी भरून दोन-तीन दिवस ठेवायचं असतं आणि खालच्यांच्या छताला ओल येते का ते बघायचं असतं. कंत्राटदाराला ते दोन-तीन दिवस परवडत नाहीत. मालकाला नेमका एवढाच प्रश्न विचारा: पाणी भरून किती दिवस ठेवलं होतं? ज्याने केलंय तो लगेच सांगतो. ज्याने नाही केलं तो कोणत्या कंपनीचं केमिकल वापरलं ते सांगायला लागतो.

फॉल्स सीलिंगचं तसंच. मला त्याचं वावडं नाही, पण जुन्या इमारतीत ते सुंदर दिसण्यासाठी बसवलंय की काही दिसू नये म्हणून, हे ठरवावं लागतं. सोपी युक्ती आहे. सीलिंगमधले गोल दिवे स्प्रिंगच्या चापावर असतात. मालकाच्या परवानगीने, वीज बंद करून, एक दिवा हळूच खाली ओढा. तीन-चार इंचांचं भोक मिळतं. मोबाइलचा व्हिडिओ आणि फ्लॅश सुरू करून हात आत घाला आणि सावकाश चारी बाजूंना फिरवा. मूळ स्लॅब एकसारखा राखाडी किंवा जुन्या चुन्याने पांढरा दिसला तर उत्तम. सहा-आठ इंचांच्या अंतराने तपकिरी रेघा दिसल्या तर आत सळया गंजताहेत. पोपडे लटकताहेत, सळई उघडी आहे, किंवा मध्येच वेगळ्या रंगाची नवी ठिगळं आहेत, तर तिथे काम झालंय, ते कुणी आणि कशाने केलं ते विचारा. ही तपासणी बाथरूमशेजारच्या खोलीत आणि बाल्कनीजवळ करा. गळती आधी तिथेच येते.

१९८४ चा स्लॅब म्हटल्यावर मी जरा जास्त संशयी होतो, त्याला इतिहास आहे. तेव्हा सिमेंट सहज मिळत नव्हतं. ते कंट्रोलवर होतं, परमिटवर मिळायचं, आणि त्याच्या वाटपाच्या भानगडीत १९८२ मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं होतं. त्याच वर्षी ते अंशतः खुलं झालं, पूर्ण सुटायला १९८९ उजाडलं. त्या दशकात बांधलेल्या सगळ्या इमारती वाईट आहेत असं मुळीच नाही. काही मिस्त्रींनी जीव ओतून कामं केलीत. पण एकाच इमारतीतला पहिला स्लॅब ठणठणीत आणि दुसरा भुसभुशीत असं मी पाहिलंय, कारण मधल्या काळात पोती संपली होती. शिवाय तेव्हा पीळ दिलेल्या टॉर सळया वापरायचे, त्या गंज लवकर धरतात.

यावर उपाय म्हणजे चाचणी. रिबाउंड हॅमरने काँक्रीटवर ठोकून आकडा काढतात, तो स्वस्त आणि लवकर होतो, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक होतो आणि हॅमर आतल्या ताकदीपेक्षा चांगला आकडा दाखवतो. सोबत अल्ट्रासॉनिक करून घ्या. त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं, तीनच्या खाली असेल तर शंका. आणि माझी आवडती, फिनॉल्फ्थॅलिनची. काँक्रीटचा कपचा काढून ताज्या पृष्ठभागावर फवारा मारायचा. गुलाबी झालं तिथे काँक्रीटचा क्षार शाबूत आहे आणि सळई सुरक्षित. रंगच आला नाही तर ते संरक्षण संपलेलं. बिनरंगाचा थर सळईपर्यंत पोचला असेल तर गंज आज ना उद्या येणारच. अपार्टमेंटने अलीकडे स्ट्रक्चरल ऑडिट केलं असेल तर त्याचा अहवाल मागा. नुसता 'इमारत सुस्थितीत आहे' असा एक पानी दाखला असेल तर तो मी अहवाल धरत नाही. बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला म्हणजे इमारत तपासली गेली, असाही समज नको. तो बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो.

नव्या फरशीखाली जुनी फरशी आहे का, हे विचारायला लोक विसरतात. फोडायचा कंटाळा आणि राडारोडा टाकायची पंचाईत म्हणून पेठेत जुन्या मोझॅकवरच नवी व्हिट्रिफाइड बसवतात. हिशेब करू. दहा मिलिमीटरची टाइल चौरस मीटरला साधारण २३ किलो. खाली दीड इंच मसाला असेल तर तो ८० किलोच्या आसपास. म्हणजे चौरस मीटरला शंभर किलो जादा. घरातली माणसं, सामान, पाहुणे या सगळ्यांसाठी म्हणून स्लॅबचं डिझाइन चौरस मीटरला २०० किलो धरून करतात. त्यातले निम्मे फरशीनेच खाल्ले. ६२० चौरस फुटांत हे वजन सहा टनांच्या घरात जातं. दिवाणखान्यात आणि खोल्यांत मिळून सहा छोट्या मोटारी उभ्या केल्यासारखं. चिकटवायच्या ॲडहेसिव्हने थेट बसवली असेल तर भार एक तृतीयांशावर येतो, ते चालू शकतं. ओळखायची खूण: जिन्याच्या चौकात उभे राहा आणि फ्लॅटचा उंबरा बघा. आत जाताना पाऊल दोन इंच वर चढतंय आणि मुख्य दार खालून कापलेलं दिसतंय, तर खाली जुनी फरशी आहे.

नळ आणि वीज यांत फार वेळ घालवत नाही. फ्लॅटच्या आत नवे सीपीव्हीसी पाइप असतील, पण गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारी सामाईक लाइन जुन्या जीआयचीच (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची) असेल, तर आतून गंजून ती बारीक झालेली असते आणि महागडा शॉवर ठिबकतो. सकाळी पाण्याच्या वेळेला जाऊन नळ सोडून बघा. इमारतीच्या मागे डक्टमध्ये डोकवा. मैलापाण्याच्या बिडाच्या पाइपच्या सांध्यातून पिंपळाचं रोप आलेलं असेल तर तो सांधा बरीच वर्षं गळतोय. विजेच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो. दोन एसी, गीझर आणि इंडक्शन बसवलेल्या घराचा मंजूर भार जुनाच असेल तर वायरिंग कितीही नवीन असो, मीटरपासून वर येणारी केबल जुनीच आहे.

दोन गोष्टी खास पेठेतल्या. पहिली, आड कुठे होता? वाड्यांमध्ये आड असायचेच, वाडा पाडताना ते राडारोड्याने बुजवले गेले. इमारतीचा एखादा कोपरा नेमका बुजवलेल्या आडावर आला असेल तर तो सावकाश खचत राहतो. हे नकाशात सापडत नाही, समोरच्या वाड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं लागतं. दुसरी, शेजारी काय आहे? पेठेतल्या इमारती खांद्याला खांदा लावून उभ्या. शेजारचा मातीचा वाडा कोसळायला आलेला असेल किंवा पाडून तिथे खोल खोदाई होणार असेल, तर इतकी वर्षं झाकलेली तुमची भिंत उघडी पडते. तिला बाहेरून प्लास्टरच नसतं. पहिल्याच पावसात नव्या वॉलपेपरमागे ओल येते. तुमच्या फ्लॅटची कोणती भिंत शेजाऱ्याला लागून आहे ते बघून ठेवा.

आता वीस लाखांचं. मी असा विचार करतो. हात न लावलेल्या फ्लॅटची किंमत हा पाया. त्यावर नव्या पाइपांचे, वायरिंगचे, खिडक्यांचे आणि सिद्ध झालेल्या वॉटरप्रूफिंगचे पैसे मी देईन, कारण ते मला करावेच लागले असते. सीलिंग, वॉलपेपर, प्रोफाइल लाइट, मालकाच्या आवडीचा ओटा यांचे देणार नाही. फार तर त्याचा मान म्हणून थोडेफार. चौदा लाख खर्च खरा धरला तरी माझ्या हिशेबाने तुमच्या उपयोगाचे त्यात सहा ते आठ निघतील. मुद्रांक शुल्क पुण्यात सात टक्के आहे, म्हणजे या वाढीव वीस लाखांवर आणखी एक लाख चाळीस हजार. घर आईच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर एक टक्का सवलत मिळते, तेवढं बघा. आणि काढलेली भिंत भार घेणारी निघाली, खालचा गर्डर धड नसला, तर नूतनीकरणाची किंमत अधिक नसून उणे आहे. ते काम उघडून पुन्हा करावं लागेल, वरच्या-खालच्यांची संमती काढावी लागेल, आणि स्मारकाच्या पट्ट्यात असाल तर त्या परवानगीचे हेलपाटे वेगळे.

माझा कल विचाराल तर भिंत ठीक निघाली आणि मालक वाढीव वीस लाखांवरून आठ लाखांवर उतरला तर हाच घ्या. सत्तरीत घरात गवंडी नाचवण्यापेक्षा ते बरं. नाहीतर तो हात न लावलेला फ्लॅट घ्या. त्याचे दोष निदान डोळ्यांना दिसतात.

जिना मात्र वडिलांना घेऊन जाऊन चढवून बघा, एकदा सकाळी आणि एकदा बाजाराच्या पिशव्या घेऊन संध्याकाळी. पायरीची उंची मोजा, सात इंचांच्या वर असेल तर गुडघे वर्षभरात बोलायला लागतात. कठडा दोन्ही बाजूंनी धरता येतो का ते बघा. गाडी लावायला जागा मिळणार नाही, ते सोडून द्या. गणपतीत रस्ते बंद असतात, तेव्हा औषधं आणि डॉक्टर चालत कुठवर आहेत ते आधी माहीत असू द्या. ढोलांचं मी बोलत नाही, नारायण पेठेत वाढलेल्या माणसाला त्याशिवाय करमणार नाही.

इसार देण्याआधी मालकाकडे एकच गोष्ट मागा, काम चालू असतानाचे फोटो. भिंत पाडताना, गर्डर चढवताना, बाथरूम फोडलेलं असताना, सीलिंग लागण्याआधीचा स्लॅब. कंत्राटदाराशी व्हॉट्सॲपवर बोलणं झालेलं असतंच, त्यात हे फोटो पडलेले असतात. ज्याने नीट काम केलंय तो ते कौतुकाने दाखवतो, पाच मिनिटांत चाळीस फोटो येतात. 'ते जुन्या मोबाइलमध्ये राहिले' असं उत्तर आलं, तर सीलिंगचा दोन फूट बाय दोन फूट तुकडा आणि गर्डरचं एक टोक उघडून दाखवाल का, असं विचारा. ते पुन्हा बुजवायचा खर्च तुम्ही देऊ करा, काही हजारांचं काम आहे. हो म्हणाला तर माझ्यासारख्या कुणालाही घेऊन जा, आणि शिडी आपली न्या. नव्या केलेल्या घरात सगळं असतं, शिडी कधीच नसते.